सिलायचा मेलेला हंगाम



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला निमंत्रण दिले तेव्हा, हा कामगारांचा मनुष्य बोनसवर किंवा कंत्राटी पद्धतीवर बोलेल अशी त्यांची समजूत असावी. त्या विषयांवर मी वर्षभर कारखान्यांच्या फाटकाशी बोलतच असतो, आणि तेथील श्रोते तुमच्याइतके शांत बसत नाहीत. म्हणून आज जरा लांबचा विषय घेतला आहे. फिलिपीन्स देशात नेग्रोस नावाचे बेट आहे. त्याच्या वायव्य किनाऱ्यावर सिलाय नावाचे गाव आहे. त्या गावाचा भूगोल आणि इतिहास मी सांगणार आहे. कायद्याच्या कागदावर ते १९५७ पासून शहर आहे आणि त्याची वस्ती आता सव्वा लाखावर गेली आहे. पण ती डोंगरापर्यंत पसरलेल्या मळ्यांतली माणसे धरून. मधले गाव म्हणाल तर आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढेच.

हे गाव मला सापडले कोठे, हे सांगणे अवश्य आहे. माझी शाळा सातवीला सुटली. इंग्रजी शिकलो ते शब्दकोश मांडीवर घेऊन कामगार न्यायालयांची निकालपत्रे वाचताना. असाच एकदा फिलिपीन्सच्या सर्वोच्च न्यायालयाचा ३१ मे १९८२ चा निकाल हाती आला. ला कार्लोटा येथील साखर कारखान्यातले कामगार तेराव्या महिन्याच्या पगारासाठी संपावर गेले होते. हा तेरावा पगार म्हणजे वर्षाच्या मूळ पगाराचा बारावा हिस्सा. आपल्याकडे किमान बोनस ८.३३ टक्के, म्हणजे तोही बारावा हिस्साच. हिशेब इतका जुळता की, मी खुर्चीत सरसावून बसलो. न्यायालयाने संप बेकायदा ठरवला. नोटिशीनंतर थांबण्याची मुदत पाळली नाही हे एक कारण, आणि कारखाना जो नाताळचा व गाळपाचा बोनस आधीच देत होता तो या तेराव्या पगारात धरावा, हे दुसरे. ‘गाळपाचा बोनस’ हे शब्द वाचले आणि वाटले, ही तर आपलीच माणसे! मग त्या प्रांताविषयी मिळेल ते वाचत गेलो आणि सिलायशी येऊन थांबलो. कारण साखरेची तेथील कहाणी या एका गावात माडीपासून खोपटापर्यंत पाहायला मिळते.

आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. फिलिपीन्स म्हणजे सात हजारांहून अधिक बेटे. वरती लुझॉन, खाली मिंदानाव आणि मधोमध विसाया हा बेटांचा पुंजका. त्या पुंजक्यात नेग्रोस हे मोठे बेट आहे. क्षेत्रफळ सुमारे १३ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सोलापूर जिल्ह्याहून थोडे लहान, आकार पायमोज्यासारखा. ‘नेग्रोस’ म्हणजे स्पॅनिश भाषेत काळे लोक. बेटावरच्या अती नावाच्या मूळ रहिवाशांचा वर्ण पाहून स्पॅनिश लोकांनी हे नाव ठेवले. आधीचे नाव बुग्लास. ज्यांचे नाव बेटाला मिळाले, त्यांच्या वाट्याला बेट मात्र राहिले नाही. अशी नावे आपल्याही नकाशावर पुष्कळ आहेत.

बेटाच्या पाठीचा कणा म्हणजे ज्वालामुखींची रांग. त्यांतला कानलाओन अजून जागा आहे. २०२४ सालीही तो फुटला आणि खालच्या गावांतील लोकांना घरे सोडावी लागली. सिलायच्या पाठीशी उभे आहेत ते मांदालागान आणि सिलाय हे डोंगर. ते निजलेले ज्वालामुखी. हजारो वर्षे त्यांच्यावरून वाहून आलेल्या गाळाने डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये एक रुंद, सौम्य उताराची पट्टी तयार झाली. अक्षांश आपल्या केरळातल्या पालघाटचा, पाऊस भरपूर आणि पुढे काही महिने कोरडे. उसाला दुसरे काय हवे? प्रांताची राजधानी बाकोलोद सिलायपासून दक्षिणेला सुमारे १४ किलोमीटरवर. समोर पश्चिमेला गिमारासची सामुद्रधुनी, आणि तिच्या पलीकडे पानाय बेटावर इलोइलो हे जुने बंदर. मळ्यातला माल गाडीने उतारावरून किनाऱ्याला आणावा, छोट्या गलबतात घालावा आणि वारा अनुकूल असला की इलोइलोला पोचवावा, अशी निसर्गाचीच सोय होती.

पण एक गोष्ट येथेच सांगून ठेवतो, कारण ती पुढे लागणार आहे. या जमिनीत भातही उत्तम येतो. मका येतो, नारळ-केळी येतात, रताळी येतात. समुद्रात मासळी आहे. येथे फक्त ऊसच पिकावा, असे त्या मातीत काहीही लिहिलेले नव्हते.

१७६० साली स्पॅनिश अमलात सिलायची गाव म्हणून नोंद झाली. तेथे वाढणाऱ्या, गुलाबी फुलांच्या ‘कानसिलाय’ झाडावरून हे नाव पडले असे सांगतात. पुढची ऐंशी-नव्वद वर्षे इतिहासाला त्याची गरज पडली नाही. थोडा भात, थोडी मासेमारी, एक चर्च, एक पाद्री. १८४० च्या दशकात ईव्ह लिओपोल्ड जर्मेन गास्तों नावाचा एक फ्रेंच मनुष्य येथे येऊन राहिला. तो नॉर्मंडीचा. आधी लुझॉनमधल्या बातांगास प्रांतात होता, तेथल्याच मुलीशी त्याने लग्न केले, आणि व्यापारासाठी उसाची लागण करणारा नेग्रोसमधला अगदी पहिल्यांपैकी एक म्हणून त्याचे नाव घेतात. ऊस त्या बेटांना नवा नव्हता. तो मुळी त्याच बाजूच्या न्यू गिनीतून निघून जगभर गेला. रसापासून दाणेदार साखर करण्याची विद्या मात्र आपल्याकडची. संस्कृतातली शर्करा फारसीत शकर झाली, अरबीत सुक्कर, स्पॅनिशमध्ये आसूकार, आणि स्पॅनिश जहाजांतून फिलिपीन्सला पोचून ‘आसुकाल’ झाली. शब्द असा अर्धी पृथ्वी फिरून आला. कर्ज आणि व्याज घेऊन येणारा मनुष्य त्याच्या मागून आला.

तो निकोलस लोनी. इंग्लंडमधल्या प्लिमथचा. स्पेनने १८५५ साली इलोइलो बंदर परदेशी व्यापाराला खुले केले, आणि पुढच्याच वर्षी लोनी तेथे ब्रिटिश उपवकील म्हणून आला. आला तेव्हा इलोइलो हे साखरेचे गाव नव्हतेच; ते मागांचे गाव होते. अननसाच्या पानांच्या धाग्यांचे, रेशमाचे, सुताचे झिरझिरीत कापड तेथे घरोघर विणले जाई, आणि मागावर बसत त्या बहुतेक बाया. लोनीनेच त्या प्रांतातल्या मागांचा अंदाज ६० हजार असा दिला आहे. या माणसाला दोन कामे करायची होती. मँचेस्टरचे कापड उतरवायचे आणि परतीच्या जहाजात भरायला काहीतरी शोधायचे. रिकामे जहाज परत पाठवणे व्यापाऱ्याला परवडत नाही. त्याने तेथल्या पसंतीचे नमुने विलायतेला धाडले, त्यांची नक्कल केलेले गिरणीचे स्वस्त कापड आणवले, आणि परतीचा माल म्हणून साखर धरली. साखर पिकायची तर नेग्रोसची पडीक जमीन मोडायला हवी, त्यासाठी लोखंडी चरक हवेत, चरकासाठी पैसे हवेत. ते पैसे त्याने कर्जाऊ दिले. साखर झाली की फेडा, असा करार.

गिरणगावात आयुष्य काढलेल्या घराण्यातला मी आहे, त्यामुळे मँचेस्टर हा शब्द ऐकला की कान टवकारतात. आपल्या विणकरांचे काय झाले, हे आपण शाळेत शिकतो आणि ते फक्त आपलेच दुःख समजतो. त्याच सुमारास त्याच गावचे कापड इलोइलोच्या बायांचेही माग बंद पाडत होते. फरक एवढाच की, तेथे माग मोडणारा आणि मळा उभारणारा एकच इसम होता. मागावरून उठलेली माणसे सामुद्रधुनी ओलांडून मळ्यांवर गेली. लोनीला तिकडे कित्येक लोक साखरधंद्याचा जनक म्हणतात. तो १८६९ साली वारला. त्याने मुद्दाम कोणाचे वाईट केले असे मी म्हणत नाही. तो आपल्या वहीला प्रामाणिक होता. पण त्या वहीत मागांचे पान नव्हते.

जमीन कशी गोळा झाली, हेही पाहण्यासारखे आहे. पानायहून आलेल्या साध्या कुळंब्यांनी रान तोडून जमीन लागवडीला आणली. मग चरकासाठी, बैलासाठी किंवा मयतीच्या खर्चासाठी कर्ज काढले. कर्जाचा प्रकार तेथे ‘पाक्तो दे रेत्रो’ या नावाने चाले. जमीन सावकाराला विकल्याचे लिहून द्यायचे आणि अमुक मुदतीत पैसे फेडले तर परत घेण्याचा हक्क ठेवायचा. आपल्याकडे याला मुदतखरेदी म्हणतात, आणि मुदत संपताना काय होते हे तुमच्यापैकी ज्यांच्या आजोबांची जमीन गेली त्यांना ठाऊक आहे. चाळीस वर्षांत बेटाची पश्चिम किनारपट्टी मूठभर घराण्यांच्या मोठमोठ्या मळ्यांत वाटली गेली. मळ्याला ‘हासिएन्दा’ आणि मालकाला ‘हासेन्देरो’ म्हणू लागले. सिलाय हे या हासेन्देरोंच्या राहण्याचे गाव झाले.

१८९८ साली स्पेनची सत्ता डळमळली. त्या वर्षी ५ नोव्हेंबरला सिलायमध्ये बंडाचा झेंडा लागला, आणि तेथील स्पॅनिश शिबंदीने रक्त न सांडता शस्त्रे खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी बंडवाले बाकोलोदवर चालून गेले. उत्तरेकडून आनिसेतो लाकसोन, दक्षिणेकडून हुआन आरानेता. बंदुका अगदी थोड्या. तेव्हा त्यांनी निपा नावाच्या ताडाच्या जातीच्या झाडाचे देठ तासून बंदुकीसारखे खांद्यावर घेतले, आणि बांबूच्या चटया गुंडाळून, काळा रंग फासून तोफा केल्या. दुर्बिणीतून पाहणाऱ्या स्पॅनिश गव्हर्नरला वाटले, सैन्य मोठे आहे. तो शरण आला. गनिमी काव्याच्या गोष्टींवर वाढलेल्या आपल्या लोकांना ही हकीकत आवडेल, आणि मलाही ती आवडते.

परंतु बंड करणारे पुढारी कोण, तर स्वतः हासेन्देरो. त्यांनी नेग्रोसचे वेगळे प्रजासत्ताक पुकारले, आणि १८९९ च्या सुरुवातीलाच अमेरिकेचे संरक्षण मागितले. लुझॉनमध्ये त्यांचेच देशबांधव अमेरिकन सैन्याशी लढून मरत होते तेव्हाची ही गोष्ट. साखरेला गिऱ्हाईक हवे होते आणि मळ्यांना राखणदार. राखणदार कोणापासून? डोंगरात दियोनिसियो मागबुएलास नावाचा एक माजी शेतमजूर माणसे जमवून बसला होता. लोक त्याला पापा इसियो म्हणत. तो स्पॅनिश अमलाशी लढला होता आणि आता मळेवाल्यांशी व अमेरिकनांशी लढत होता. त्याची माणसे मळे जाळीत. जमीन वाटून द्या आणि ऊस काढून भात लावा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. तो मंत्र-ताईतही देई म्हणून शहाण्या लोकांनी त्याला वेडगळ ठरवले. १९०७ साली तो शरण आला आणि १९११ साली मनिलाच्या बिलिबिद तुरुंगात वारला. ऊस काढून भात लावा, हे त्याचे वेडगळ वाक्य लक्षात असू द्या.

आता सिलायच्या वाड्यांकडे वळतो, कारण आज प्रवासी जातात ते त्यांच्यासाठीच. जपून ठेवलेली अशी तीसेक घरे गावात आहेत. सर्वांत नावाजलेले ‘बालाय नेग्रेन्से’, म्हणजे नेग्रोसचे घर. ते गास्तोंचा मुलगा व्हिक्टर याने एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी बांधले. खाली दगडविटांचे काम, वर लाकडाची माडी, उंच सरकत्या खिडक्या, आणि वारा खेळावा म्हणून दारांवर कोरीव जाळी. पुढे ते ओस पडले होते. १९९० पासून ते संग्रहालय आहे. १९२० च्या दशकात मोठ्या घुमटाचे चर्च उभे राहिले. युरोपातून पियानो आले, गवय्ये आले, आणि लोक सिलायला नेग्रोसचे पॅरिस म्हणू लागले. कोंचिता गास्तों ही युरोपात नाव कमावलेली ऑपेरा-गायिका येथली. मनिलाचे प्रख्यात सांस्कृतिक केंद्र ज्याने बांधले तो वास्तुशिल्पी लिआंद्रो लोक्सिन याचा जन्म १९२८ साली येथेच झाला. ही माणसे खरोखर गुणी होती. साखरेच्या पैशाने नुसती ऐट झाली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. सुंदर वस्तू पाहिली की कामगारालाही आनंद होतो; ती घरे अखेर सुतार-गवंड्यांनीच बांधली. मला त्या वाड्यांइतक्याच ‘मानुगलिबोद’ आवडतात. या पदार्थ विकणाऱ्या बाया. डोक्यावर टोपली घेऊन त्या दुपारच्या वेळी वाड्यावाड्यांतून हिंडत. तांदळाच्या वड्या, करंजीसारखे तळलेले ‘पानारा’, नारळाच्या कोवळ्या गाभ्याचे सारण भरलेल्या गुंडाळ्या. सिलायची खाण्याची कीर्ती आज दुकानांच्या नावावर आहे. ती मूळची या टोपल्यांतली.

अमेरिकन अमलात धंद्याचे रूप पालटले. तोवर प्रत्येक मळ्यावर आपले गुऱ्हाळ होते, आणि निघे ती गुळाच्या जवळची तपकिरी कच्ची साखर. १९०९ साली अमेरिकेने फिलिपीन्सची साखर ठरावीक प्रमाणात, आणि १९१३ पासून अजिबात जकात न घेता आत सोडली. मोठ्या बाजाराचे दार असे उघडल्याबरोबर मोठी भांडवले आली. १९१६ साली सरकारी बँक निघाली आणि तिचा पैसा नव्या कारखान्यांकडे वाहू लागला. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस सिलायमध्ये हवाईयन-फिलिपीन कंपनीचा कारखाना उभा राहिला; शेजारच्या व्हिक्टोरियास गावात दुसरा. मळ्यांतून रूळ टाकले गेले, आणि अमेरिकेहून आणलेली लहान वाफेची इंजिने उसाच्या वाघिणी ओढू लागली. भट्टीत कोळशाऐवजी उसाचीच चिपाडे जाळीत. विसावे शतक संपेपर्यंत त्यांतली काही इंजिने चालत होती, आणि ती पाहायला जगभरचे आगगाडीवेडे सिलायला येत.

व्हिक्टोरियासच्या कारखान्यातील कामगारांसाठी बांधलेले एक चर्च आहे, त्याचा उल्लेख आडवाटेने करतो. त्याच्या भिंतीवर १९५० साली मालकाच्याच मुलाने, आल्फोन्सो ओसोरियोने, क्रुद्ध डोळ्यांचा ख्रिस्त रंगवला. इमारत आंतोनिन रेमंडची. आपल्या पाँडिचेरीच्या आश्रमातले गोलकोंड हे निवासस्थान त्याचेच. मालकाच्या मुलाला ख्रिस्त रागावलेला का दिसला असेल, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. ऊसतोडणाऱ्याला त्याचे नवल वाटले नसावे.

आता त्या ऊसतोडणाऱ्याकडे येऊ. मळ्यावरचे मजूर दोन प्रकारचे. पिढ्यान्‌पिढ्या मळ्यावरच राहणारे ते ‘दुमाआन’. त्यांचे खोपटे मालकाच्या जमिनीवर, उधारी मालकाच्या दुकानात, आणि मुलाचे नाव कामावर लागायचे ते बापामागून. दुसरे ‘साकादा’. हे हंगामी. पानाय बेटावरच्या आंतिके प्रांतातल्या डोंगराळ गावांतून आणि आसपासच्या भागातून गाळपापुरते ते बोटीने नेग्रोसला येत. त्यांना आणतो तो ‘कोन्त्रातिस्ता’. तो पावसाळ्यातच गावोगाव हिंडून घरात अन्न नाही अशा वेळी आगाऊ पैसे देतो. त्या पैशाला ‘आन्तिसिपो’ म्हणतात. मग ऊस तोडायचा, मोळी खांद्यावर घ्यायची, फळीवरून चढून ट्रकमध्ये टाकायची, आणि टनावर मजुरी. मजुरीतून आगाऊ रक्कम वजा, तांदूळ वजा, कोन्त्रातिस्ताचा हिस्सा वजा. राहायला ‘क्वार्तेल’ नावाची लांब पत्र्याची किंवा बांबूची बराक.

मराठी श्रोत्यांना यातले काही समजावून सांगावे लागेल का? कोन्त्रातिस्ता म्हणा की मुकादम, आन्तिसिपो म्हणा की उचल, क्वार्तेल म्हणा की कोपी. ‘एस्पादिंग’ नावाचा त्यांचा सुरा आपल्या कोयत्याचा सख्खा भाऊ. भेद आहे तो वरच्या मजल्यावर. १९५० साली प्रवरानगरला सहकारी कारखान्याचे गाळप सुरू झाले आणि पुढे लहान शेतकरी सभासद झाला. नेग्रोसला तसे झाले नाही, तेथे मळा एकाचा आणि कारखाना कंपनीचा. म्हणून आपण त्यांच्या एक पायरी पुढे आहोत, हे मान्य. पण दोन्हीकडच्या सभासदांच्या वहीत तोडणाऱ्याचे नाव शोधून पाहा. १९६९ च्या सुमारास आर्सेनियो हेसेना नावाचा एक तरुण जेझुइट साकादांबरोबर जाऊन राहिला आणि त्याने जे पाहिले ते लिहून काढले. मनिलातल्या सुशिक्षितांना तोवर आपण चहात घालतो ती साखर कोठून येते, याची कल्पनाच नव्हती. १९७१ साली साखर कामगारांचा राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला, आणि त्याच्या उभारणीत काही पाद्री होते. पुढच्याच वर्षी देशात लष्करी कायदा पुकारला गेला.

गाळप साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरला सुरू होऊन एप्रिल-मेला संपते. मधल्या महिन्यांना तेथे ‘तिएम्पो मुएर्तो’ म्हणतात, म्हणजे मेलेला काळ. लागण, खुरपणी अशी थोडी कामे असतात, ती काहींनाच मिळतात. बाकीचे उधारीवर जगतात. एखाद्या ऋतूला मेलेला म्हणावे, हे शेतकऱ्याच्या तोंडी शोभणारे नाही. कारण हे महिने पावसाचे. त्याच महिन्यांत शेजारच्या बेटांवर भाताची रोपे लागतात. नेग्रोसमध्ये मजुराच्या दाराशी तीच काळी माती आणि तोच पाऊस, आणि तेथे उसाखेरीज काही लावण्याची त्याला परवानगी नाही. ऋतू मेलेला नव्हता. त्याला हिशेबात मारलेला होता.

हा हिशेब एका गिऱ्हाइकावर उभा होता. अमेरिकेने फिलिपीन्सला साखरेचा वाटा ठरवून दिला होता आणि भाव जगाच्या भावाहून बहुधा चढाच मिळे. १९७४ साली ते करार संपले. योगायोग असा की, त्याच वर्षी नोव्हेंबरात जागतिक भाव पौंडाला ६० सेंटांच्या वर गेला. मार्कोस सरकारने भाव अजून चढेल म्हणून साखर कोठारांत दाबून ठेवली. भाव कोसळला. पुढे १९७७ मध्ये साखरेच्या खरेदी-विक्रीचा मक्ता ‘नासुत्रा’ नावाच्या एकाच संस्थेकडे गेला, आणि तिचा सूत्रधार रोबेर्तो बेनेदिक्तो हा अध्यक्ष मार्कोसचा जवळचा मित्र. मळेवाल्याला आपला माल कितीला विकला गेला, हेही धड कळेना. १९८५ च्या मध्याला जागतिक भाव पौंडाला तीन सेंटांच्या खाली उतरला. उत्पादनाचा खर्च त्याच्या कितीतरी वर. तेव्हा मळेवाल्यांनी सोपी गोष्ट केली: ऊस लावलाच नाही. बँकांनी कर्ज थांबवले आणि सुमारे दोन लाख मजुरांचे काम गेले.

मग जे झाले त्याला दुष्काळ म्हणता येत नाही, कारण पाऊस नेहमीसारखा पडत होता. बाकोलोदच्या रुग्णालयात हाडांचे सापळे झालेली मुले आणली जात होती, आणि युनिसेफला तेथे मुलांना जेवण पुरवावे लागले. सुपीक जमीन पडून, माणसे रिकामी, आणि मुले उपाशी. २० सप्टेंबर १९८५ रोजी उत्तरेकडच्या एस्कालांते गावात लष्करी कायद्याच्या तेराव्या वर्षदिनानिमित्त मोर्चा निघाला. त्यात ऊसमजूर होते, मच्छीमार होते, विद्यार्थी होते. निमलष्करी दलाने गोळीबार केला आणि २० माणसे मेली. पाच महिन्यांनी मार्कोस देश सोडून गेला.

उपासमारीच्या त्या दिवसांत महासंघाने एक मागणी केली, ती मला कोणत्याही वेतनकरारापेक्षा मोलाची वाटते. मालकांनी पडीक टाकलेल्या जमिनीचे तुकडे मजुरांना भाजी-भात लावायला द्यावेत, एवढीच ती मागणी. काही मळ्यांवर ती मिळाली. मका, भात, रताळी निघाली आणि पहिल्यांदाच काही घरांतला मेलेला काळ खाऊन-पिऊन गेला. प्रांताचे नवे गव्हर्नर दानिएल लाकसोन यांनी साठ-तीस-दहाची योजना मांडली: मळ्यातली साठ टक्के जमीन उसाला, तीस टक्के दुसऱ्या पिकांना, दहा टक्के मजुरांना. मळेवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. योजना कागदावर राहिली, कारण तोवर साखरेचा भाव पुन्हा वर येऊ लागला होता.

१९८८ साली जमीनसुधारणेचा कायदा झाला. मालकाने पाच हेक्टर ठेवावे, बाकी मजुरांत वाटावे. वाटणी झालीच नाही, असे म्हणणे खोटे होईल; नेग्रोसमध्ये हजारो मजुरांच्या हाती कागद आले. पण उसाला पहिल्या दिवसापासून खत लागते, लागणीला पैसा लागतो, आणि ऊस काढून बारा महिने थांबायचे. बँक दारात उभी करीत नाही. तेव्हा पुष्कळांनी आपला एक-दीड हेक्टर जुन्या मालकालाच किंवा दुसऱ्या पैसेवाल्याला खंडाने दिला आणि त्याच रानात रोजंदारीने कामाला गेले. तिकडे याला ‘आर्येन्दो’ म्हणतात. खाते मजुराच्या नावावर, कोयताही त्याच्याच हातात, आणि ऊस दुसऱ्याचा. कायदा करताना जमीन दिली. पहिल्या पिकापर्यंत जगायचे कसे, हे कलम घालायला विसरले. आमच्या चळवळीत करारावर सही करण्याआधी मी नेहमी हेच विचारतो की, अंमल होईतो घरात चूल कशी पेटणार? लोक मला कटकट्या म्हणतात.

ज्यांना कागदही मिळाले नाहीत, त्यांनी दुसरी रीत काढली. गाळप संपले की मोकळ्या रानात शिरायचे, नांगरायचे आणि खाण्यापुरते पिकवायचे. याला ‘बुंगकालान’ म्हणतात. २० ऑक्टोबर २०१८ च्या रात्री उत्तर नेग्रोसमधील सागाय येथे ‘हासिएन्दा नेने’ या मळ्यावर अशाच एका तुकड्यात तंबू टाकून लोक जेवायला बसले होते. बंदूकधारी आले आणि त्यांनी नऊ जणांना ठार मारले. त्यांत बाया होत्या आणि मुलेही. मेलेली माणसे त्याच महासंघाची, ज्याचा १९८२ चा खटला मी प्रथम वाचला.

सिलायमध्ये आज विमानतळ आहे. २००८ पासून बाकोलोदला जाणारा प्रवासी सिलायच्या हद्दीतच उतरतो. खिडकीतून त्याला आधी समुद्र दिसतो आणि मग चौकोनी हिरवे मळे, थेट डोंगराच्या पायथ्यापर्यंत. त्या डोंगरात पातागच्या रानात १९४५ साली जपानी सैन्याने शेवटचा तळ ठोकला होता, आणि आज ते रान राखीव आहे. विमानातून उतरलेला मनुष्य वाडे पाहतो, १९२० सालच्या जुन्या बेकरीत पाव-केक खातो आणि दुपारच्या गाडीने परततो. तो जर जूनमध्ये गेला, तर त्याला वाटेत एकही उसाचा ट्रक दिसणार नाही. त्याने मळ्याकडच्या कच्च्या रस्त्याने दोन कोस आत जावे. खोपट्यांच्या मागे, बांधाच्या कडेला, जेथे ऊस लावता येत नाही अशा हातभर पट्टीत वांगी, भोपळा आणि रताळ्याचे वेल लावलेले त्याला दिसतील.